रिकामी लादी

हिंमतनगरच्या माणसाने फोन केला होता केयूरला, पण तो लागला विनुभाईंना. कारखान्याच्या पाटीवर दोघांचेही नंबर होते आणि विनुभाईंचा वर होता.

"पॉलिशची लाइन घेतलीय ना तुमची, ती उचलायला नोमला येतोय आम्ही," तो माणूस म्हणाला. "दरवाजा किती उंच आहे तुमचा? क्रेन आत येईल ना?"

विनुभाई त्या वेळी पॉलिशच्या लाइनपाशीच उभे होते. कारखाना सुट्टीला बंद, कामगार गावाला गेलेले, तरी रोज सकाळी येऊन ते तासभर तिथे उभे राहत. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं, कोपऱ्यातला बांबू घेतला आणि दरवाज्याला लावून पाहिला.

"अठरा फूट. आरामात येईल. वळताना डाव्या हाताला कडुनिंब आहे, तेवढा सांभाळा."

"आपण कोण बोलताय?"

"घरचाच," विनुभाई म्हणाले आणि बांबू होता तिथे नेऊन ठेवला.

लाइनच्या पहिल्या चाकावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, होता. मशीन आलं त्या दिवशी त्यांच्या बायकोने, मंजुलाने काढलेला. ती गेली, त्यानंतर विनुभाईंनी तो कधी पुसू दिला नव्हता आणि नवीनही काढू दिला नव्हता. या लाइनखाली खरखरीत लादी जाई आणि दुसऱ्या टोकाला आरशासारखी बाहेर येई. मधल्या पाण्यात आणि आवाजात विनुभाईंचं आयुष्य गेलं होतं. लाइन गेली तर कारखान्यात त्यांना उभं राहायला जागा पुष्कळ होती, कारण मात्र एकही नव्हतं.

त्यांनी घरी जाऊन पाय धुतले. लाइन बंद असल्यामुळे पायांवर पांढरा चिखल नव्हता, पण धुतले.

*

मोरबीतले सगळेच लाद्यांचे कारखाने सातम-आठमला, म्हणजे श्रावणातल्या वद्य सप्तमी-अष्टमीला, थंड होतात आणि नोमला, नवमीला, उघडतात. बाहेरच्यांना विनुभाईंचे मोठे भाऊ रतिलाल सांगत, "वार्षिक दुरुस्ती." घरात कारण वेगळं होतं. सातमीला शीतलामा चुलीचुलीत येऊन लोळते. चूल गरम सापडली तर तिचं अंग भाजतं आणि मग त्या घराचं बरं होत नाही. कौलांची भट्टी होती तेव्हापासून देत्रोजांच्या घरात चुलीबरोबर भट्टीही विझत आली होती. आताची भट्टी एवढी लांब की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. "मातेला यंदा लोळायला ऐसपैस," असं रतिलालच्या पत्नी जशुबेन दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी मनापासून म्हणत.

त्याच दिवशी पुढच्या वर्षीच्या लाद्या ठरत. ही रीत जशुबेनच्या सासऱ्यांची, गोविंदबापांची. नव्या नमुन्यांच्या मोठ्या लाद्या ओसरीत अंथरायच्या आणि सातमीचं, आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण त्यांच्यावर बसूनच जेवायचं. ज्याला जी आवडेल त्याने तिच्यावर बसावं. ताक वाढेपर्यंत उठून जागा बदलता येते, ताकानंतर नाही. जिच्यावर जास्त माणसं, तिच्यासाठी भट्टीचा मोठा वाटा. जिच्यावर एक जरी माणूस बसलेला, तिचं काम चालू राहतं. जी रिकामी राहील, ती बंद. मोजायची ती याच घरच्या चुलीवरचं जेवणारी माणसं. दिलेल्या मुली आणि जावई हवं तिथे बसोत, मोजणीत नाहीत. बापांचं म्हणणं होतं की तोंडाने माणूस काहीही बोलतो, बूड खोटं बोलत नाही.

सातमीच्या सकाळी रतिलालचा मुलगा केयूर आणि त्याची बायको धरा यांनी तीन लाद्या अंथरल्या. पहिली विनुकाकांची, पांढरी, राखाडी शिरांची, चकचकीत. दुसरी सिमेंटसारखी. ती राजकोटच्या जावईबापूंच्या आग्रहाखातर केलेली. तिसरी धराची, मातकट तांबडी, हाताला खरखर लागणारी, जागोजाग फिकट झाल्यासारखी. धरा अहमदाबादला घरं सजवायचं शिकली होती आणि लग्नानंतर दोनदा इटलीचं प्रदर्शन पाहून आली होती. ही लादी तिची पहिली.

"काकांना सांगितलंस?" तिने कोपरा सरळ करता करता विचारलं.

"सातम झाली की सांगतो," केयूर म्हणाला.

"नोमला क्रेन येणार, आणि तू सातम झाल्यावर सांगणार?"

"मध्ये आठम आहे ना."

धराने हातातलं फडकं खाली ठेवलं. "आणि काका तर चकचकीतवरच बसणार. एक माणूस बसला की बंद करता येत नाही. रीत तुमच्याच घरची आहे."

"ताक येईपर्यंत काका उठतील."

"कशावरून?"

"काका नेहमी उठतात," केयूर म्हणाला. हे तो वाईट मनाने बोलला नव्हता. पंखा लावला की वारा येतो, तशा स्वरात बोलला होता. धराला आपली लादी निवडून यायला हवी होती. अशी यायला नको होती. पण यातलं कुठलं आधी बोलावं हे तिला ठरवता येईना, तेवढ्यात सासरे आले.

रतिलालनी चप्पल काढून तिसऱ्या लादीवर अंगठा घासला.

"हा तर कौलाचा रंग."

"हो पप्पा. आता हेच चालतं. लोकांना घरात चमक नकोय."

"मग कुठे हवीय?"

"कुठेच नकोय. मातीसारखं, हातांनी केल्यासारखं, जुनं झाल्यासारखं हवंय."

"नवीन घेऊन जुनं झाल्यासारखं."

"हो."

रतिलालनी थोडा विचार केला. "माझा बाप कौलं भाजायचा. कौलवाल्यांना मुली देत नव्हते कोणी. म्हणून आम्ही पांढरं काढलं, मग गुळगुळीत काढलं, मग चकचकीत. विनुने त्यात तोंड दिसेल इतकं चमकवलं. एवढं करून परत कौल?"

"सगळं फिरून येतं, पप्पा."

"यासाठी इटलीला जायला नको होतं, दीकरी. मागच्या गोठ्याच्या छपरावर चढली असतीस तरी दिसलं असतं." मग ते सिमेंटी लादीकडे वळले. "आणि हे काय?"

"भावेशकुमारांची आहे. सिमेंटसारखी."

"जन्मभर सिमेंट झाकायला लाद्या विकल्या आपण," रतिलाल म्हणाले. पण विक्रीचे आकडे त्यांनी पाहिले होते. चकचकीतची मागणी तीन वर्षं घसरत होती. क्रेनचंही त्यांना ठाऊक होतं. ती बोलावू नये असं त्यांना वाटलं होतं, आणि बोलावू नको असं ते म्हणाले नव्हते. धाकट्या भावाला हे आपण सांगण्यापेक्षा लादीने सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

*

जशुबेननी थंड चूल शेणाने सारवली, वर कपाशीचं रोपटं ठेवलं, कुलेरचा, बाजरीच्या पिठाच्या गूळ-तुपातल्या लाडवांचा, नैवेद्य दाखवला. मग धराला जवळ बसवून कहाणी सांगितली. कारखान्यात जाऊन भट्टीच्या तोंडाशीही कपाशीचं पान ठेवून आल्या. पाठ टेकायला म्हणून बसल्या तर विनुभाई पाया पडायला आले.

"भाभी, नोमपासून माझा डबा भरू नका. घरीच जेवीन."

"का? कारखाना उघडतोय ना नोमला?"

"कारखाना उघडतोय."

जशुबेननी त्यांच्याकडे पाहिलं. विनुभाईंनी दाराकडे पाहिलं. दारात काही नव्हतं.

"बरं," जशुबेन म्हणाल्या.

त्या या घरात आल्या तेव्हा विनु शाळेतही जात नव्हता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्याला न्हाऊ-खाऊ घालणं नवरीकडेच आलं. एका उन्हाळ्यात त्याच्या अंगावर माता, म्हणजे देवी, आल्या. अंग तव्यासारखं तापलेलं, गोधडी टोचते म्हणून रडायचा. गोविंदबापांनी नुकतीच पहिली पांढरी, गुळगुळीत लादी भाजून काढली होती. भिंतीची, पाटीएवढी. जशुबेननी तसल्या लाद्या जमिनीवर जोडून मांडल्या आणि पोराला त्यांच्यावर निजवलं. एक गाल तापला की कूस बदलायचा आणि दुसरा गाल गार लादीला लावायचा. कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालत त्यांनी शीतलामाला सांगितलं, याला उठव, जन्मभर तुझी सातम गार पाळीन. पोरगा उठला. सातम पाळली गेली. पुढे चातुर्मासात मौनाने जेवायचं व्रतही त्यांनी घेतलं. आपल्या ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत एक शब्द नाही. घरात सगळ्यांना हे इतकं सवयीचं झालं होतं की जशुबेन जेवत असताना त्यांना कोणी काही विचारत नसे.

*

पंगत बसली ती नेहमीसारखी कुठे बसावं हे कुणाचं ठरलेलंच नाही, असा चेहरा करून.

रतिलाल आधी तिन्ही लाद्यांवरून एक फेरी मारून आले आणि धराच्या लादीवर बसले. केयूर त्यांच्या शेजारी. धरा आपल्या लादीच्या पार कडेला, पाहुण्यासारखी. विनुभाई पांढऱ्या लादीवर मधोमध बसले. हेतल, त्यांची मुलगी, सातमीला माहेरी आलेली, ताट घेऊन सरळ वडिलांपाशी जाऊन बसली.

"तू मोजणीत नाहीस," विनुभाई हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. मी जेवायला आलेय."

हेतलचे यजमान भावेशकुमार सिमेंटी लादीवर एकटे बसले. त्यांचं राजकोटला लाद्यांचं दुकान. ओसरीत पंखा चालू होता, बाजरीचे वडे, ठेपले, दही, लोणचं वाढून झालं होतं, तरी एकट्याने बसलं की जावयालाही घास गोड लागत नाही.

"थंडगार आहे हं ही," ते म्हणाले.

त्यांनी तळहाताने लादी थोपटली.

"नव्या फ्लॅटवाल्यांना हेच लागतं. काळे नळ, काळे दिवे, आणि हे."

"घरात कोणी वारलंय का त्यांच्या?" रतिलालनी विचारलं.

भावेशकुमार हसले, मग ताट उचलून धराच्या लादीवर आले. येताना वाटी कलली आणि कैरीच्या लोणच्याचं तेल लादीवर सांडलं. केयूरने रुमालाने पुसलं. तेल गेलं, डाग राहिला. आणखी पुसलं. डाग पसरला.

"असू दे," धरा म्हणाली. "दोन वर्षं वापरल्यासारखी दिसायला हवी होती."

"जमाईराजांनी दोन मिनिटांत करून दिली," रतिलाल म्हणाले.

"माझ्या लादीवर सांडलं असतं तर फुंकर मारून गेलं असतं," विनुभाई ठेपल्याकडे पाहत म्हणाले.

"काका, वर तेल न शोषणारा थर दिला की हीपण पुसली जाते," धरा म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण तुमच्याइतकी नाही जाणार."

"नाही जाणार," विनुभाईंनी मान्य केलं. "पण विकली जाईल. माझी पुसली जाते आणि गोदामात राहते." आणि त्यांनी मान वाकडी करून तांबड्या लादीवर पडलेलं ऊन पाहिलं. "डोळ्याला बरी आहे गं. रंग धरलायस."

धराने हातातला वडा ताटात ठेवला. विनुकाका चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

आता ताक येणार म्हणून भावेशकुमारांना मोकळं मोकळं वाटलं. जावई माणूस, विषय चालू ठेवायचा म्हणून ते म्हणाले, "मग केयूरभाई, क्रेन नोमला सकाळी येणार की दुपारी?"

केयूरने पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी तो प्यायला. रतिलालनी ताटातल्या वड्याचे चार तुकडे केले. जावयाला रागावता येत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून पंख्याकडे पाहिलं.

"कसली क्रेन?" हेतलने विचारलं.

"सकाळीच येईल," विनुभाई म्हणाले. "अठरा फुटांचा दरवाजा आहे, अडचण नाही. मी मोजून सांगितलंय त्याला."

"काका," केयूर म्हणाला, "मी तुम्हाला सांगणारच होतो."

"आठमला."

"हो."

"आठमला देवाचा जन्म असतो रे. गडबड असते." विनुभाईंनी ताट दोन्ही हातांत धरलं आणि उठले. हेतलने त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं.

"बापुजी, बसा. तुम्ही बसलात की बंद होत नाही. बसून राहायचं, एवढंच तर करायचंय!"

"पाय घसरतो गं या लादीवर," विनुभाई म्हणाले. जन्मभर ज्या लादीवरून ते अनवाणी चालत आले होते, तिच्यावरून अगदी सावकाश, एकही पाऊल न घसरता, ते धराच्या लादीवर गेले आणि डागाच्या बाजूला बसले. "सरक जरा, केयूर."

केयूर सरकला. काका नेहमी उठतात, हे त्याने सकाळी म्हटलं होतं ते खरं ठरलं. खरं ठरल्याचा आनंद मात्र शोधूनही सापडेना. धरा त्याच्याकडे पाहत नव्हती, हेही त्याने पाहिलं.

हेतल उठली नाही. मोजणीत नसलेली मुलगी चकचकीत लादीवर एकटी बसून दह्यात बोट फिरवत राहिली.

इतका वेळ जशुबेन वाढत होत्या. हे सगळं त्यांनी ऐकलं, आणि ऐकता ऐकता लोणचं दुसऱ्यांदा फिरवलं, विनुभाईंच्या ताटात न विचारता कुलेर ठेवली. मग आतून ताकाचं मडकं आणलं. रतिलालनी घसा साफ केला. ताक आलं की बंद होणाऱ्या लाद्यांची नावं घ्यायची ती मोठ्याने.

जशुबेननी मडकं खाली ठेवलं, पण पळी उचलली नाही. आधी आपलं ताट वाढून घेतलं. एक वडा, एक ठेपला, दही. ताट घेऊन त्या तिन्ही लाद्यांच्या मधून चालत गेल्या आणि पांढऱ्या लादीवर, विनुभाई उठले होते त्याच जागी, मांडी घालून बसल्या. डोळे मिटून हात जोडले. पहिला घास घेतला.

"जशु," रतिलाल म्हणाले, "तू तिथे कशी?"

जशुबेन जेवत होत्या.

"बा," केयूर म्हणाला, "ती लादी आपण... म्हणजे तिच्यावर कोणी नव्हतं, म्हणून..."

जशुबेननी ठेपल्याचा तुकडा मोडला आणि दह्यात बुडवला.

"जेवण झाल्यावर विचारू," भावेशकुमार म्हणाले.

"जेवण झाल्यावर ताक वाढून झालेलं असेल," हेतल म्हणाली, आणि उठून तिनेच पळी हातात घेतली. पहिलं ताक तिने मोटाबापांना, रतिलालना, वाढलं, काठोकाठ. दुसरं केयूरला.

रतिलाल ताकाकडे पाहत राहिले. मग पाणी प्यायल्यासारखं एका दमात प्यायले. "सिमेंटी बंद," ते म्हणाले. "तांबडीला मोठा वाटा." आणि थांबले.

"पांढरी?" केयूरने विचारलं. "पप्पा, आकडे तुम्ही पाहिलेत. एका माणसासाठी आपण..."

"रिकामी नाहीये ती," धरा म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "रीत आहे ना? मग बसलंय कोणीतरी. मोजा."

"तुझीच लादी पहिली आलीय, धरा."

"म्हणूनच सांगतेय. मोजा."

रतिलालनी बायकोकडे पाहिलं. जशुबेन जेवत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याशी वाद घातला नव्हता आणि आजही घालत नव्हत्या. ज्याच्याकडून उत्तरच येत नाही त्याच्याशी वाद जिंकता येत नाही, हे रतिलालना कारखान्यात कळायचं ते घरात आज कळलं.

"पांढरी चालू," ते म्हणाले. "थोडी. पण चालू."

कोणी हललं नाही, कारण जशुबेनचं व्हायचं होतं. त्यांनी घाई केली नाही. शेवटी दह्याचा थेंब लादीवर पडला तो त्यांनी बोटाने टिपला. लादीवर काही उरलं नाही. मग उठल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, चूळ भरली, पदराला हात पुसले.

"आता सांग," रतिलाल म्हणाले. "तिथे का बसलीस?"

"सातम आहे," जशुबेन म्हणाल्या. "गार जागा बघून बसले."

विनुभाईंनी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली आणला नाही.

"हिंमतनगरला फोन कर," रतिलालनी केयूरला सांगितलं.

"काय सांगू? शब्द दिलाय मी."

"दरवाजा लहान आहे म्हणावं."

"मी अठरा सांगितलाय, मोटाभाई," विनुभाई पेल्याआडून म्हणाले. "बांबू लावून."

"तुला कोणी सांगितलं होतं बांबू लावायला?"

"त्याने विचारलं."

"मग कडुनिंब आडवा येतो म्हणावं."

"तोही सांगितलाय. सांभाळून वळा म्हणालो."

"विनु, तू कोणाच्या बाजूचा आहेस?"

"खरं तेच सांग त्याला," जशुबेन केयूरला म्हणाल्या. "घरातल्यांना विचारायचं राहिलं होतं म्हणावं. आता विचारलं."

केयूर फोन घेऊन अंगणात गेला. तो परत यायच्या आत धराने लोणच्याच्या डागावर पीठ टाकून ठेवलं होतं, आणि विनुभाई तिच्या शेजारी उकिडवे बसून, असं नाही, तसं घास, म्हणून दाखवत होते. डाग काही जात नव्हता. दोघांनाही घाई नव्हती.

जशुबेन ताटं गोळा करत त्यांच्यापाशी थांबल्या.

"नोमला डब्यात काय देऊ?"

विनुभाईंनी वर पाहिलं.

"गरम काहीतरी द्या, भाभी."